फाशी कोणाच्या वाट्याला येते?

कोपर्डीनंतर निघालेल्या मोर्च्यांत सगळ्यात ठळक मागणी होती, ती आरोपींना फाशी देण्याची. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर तीच होती, शक्ती मिलनंतरही तीच. अशा वेळी कोणी फाशीविरुद्ध अवाक्षर काढलं, की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘तुमच्या घरातली मुलगी असती तर?’ प्रश्न बिनतोड आहे. माझ्या घरातली असती तर मीही फाशीच मागितली असती. आणि शिक्षा ठरवायचं काम घरच्यांकडून काढून तिऱ्हाईताकडे, म्हणजे न्यायालयाकडे दिलेलं असतं, ते याच कारणाने.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. अमुक कृत्य करणारा माणूस जगायच्या लायकीचा आहे का, हा पहिला. तो नीतीचा प्रश्न आहे आणि त्यावर माणसं शेवटपर्यंत भांडत राहतील. दुसरा प्रश्न साधा, कामकाजाचा आहे: आपले पोलीस, वकील, पंच, साक्षीदार आणि न्यायाधीश मिळून शेकडो खुन्यांतून मरायला लायक अशी नेमकी माणसं निवडू शकतात का? आपण पहिल्यावर तावातावाने बोलतो आणि दुसऱ्याचं उत्तर ‘हो’च आहे असं धरून चालतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही असो, दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते दाखवायला महाराष्ट्राबाहेर फारसं जावंही लागत नाही.

आधी ही गाडी चालते कशी ते पाहू. फाशी सुनावतं सत्र न्यायालय. पण ती तिथे पक्की होत नाही. उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करावंच लागतं, आरोपीने अपील केलं नाही तरी. मग सर्वोच्च न्यायालय, मग तिथेच पुनर्विचार याचिका, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. तो फेटाळला गेला की सत्र न्यायालय डेथ वॉरंट काढतं आणि तारीख ठरते. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच तुरुंगांत आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली, कसाबलाही 2012 मध्ये तिथेच. याकूब मेमनला 30 जुलै 2015 ला नागपुरात.

या शतकात देशभरात प्रत्यक्ष फासावर गेले फक्त आठ जण. 2004, 2012, 2013 आणि 2015 मध्ये एकेक, आणि 20 मार्च 2020 ला निर्भया प्रकरणातले चौघे. दुसरीकडे, सत्र न्यायालयांनी एकट्या 2022 मध्ये 165 जणांना फाशी सुनावली. 2024 संपताना साडेपाचशेहून जास्त कैदी फाशीच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. म्हणजे खाली दर वर्षी शंभर-दीडशे माणसं या रांगेत उभी केली जातात आणि वर पोचेपर्यंत जवळजवळ सगळी बाहेर काढली जातात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2000 ते 2014 या काळातल्या फाशीच्या शिक्षांचा माग काढला. निकाल लागलेल्या प्रकरणांत शेवटपर्यंत फाशी टिकली ती पाच टक्क्यांहून कमी लोकांची. जवळपास 65 टक्क्यांची जन्मठेप झाली. आणि सुमारे 30 टक्के चक्क निर्दोष सुटले.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. शिक्षा कमी झाली असं नाही, निर्दोष सुटले. ‘वरची न्यायालयं चुका दुरुस्त करतात, हेच तर व्यवस्था चालत असल्याचं लक्षण’ असं यावर कोणी म्हणेल. पण ज्या कारखान्यातून निघालेल्या मालापैकी पाच टक्केसुद्धा तपासणीत टिकत नाही, तिथे कौतुक तपासनिसाचं करायचं की कारखान्याची चौकशी करायची?

दुर्मिळातील दुर्मिळ म्हणजे नक्की काय

1955 पर्यंत खुनाला फाशी हाच नियम होता. जन्मठेप द्यायची तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. ती अट त्या वर्षी निघाली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गाडी पार उलटी फिरवली: जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहा. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी, असं बंधन घातलं. न्यायाधीशाने गुन्हाही पाहायचा आणि गुन्हेगारही: त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. दुसरा कुठलाच पर्याय उरला नाही, तरच फाशी.

कागदावर ही कसोटी चांगली आहे. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती भगवती यांचा आक्षेप असा की, शिक्षा कोणत्या खंडपीठासमोर प्रकरण येतं त्यावर ठरेल, आणि तिचा फटका गरिबांना बसेल. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांचं म्हणणं पदोपदी खरं ठरत गेलं आहे.

सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण उत्तर प्रदेशातलं आहे. एकाच खटल्यात, एकाच खुनांसाठी, सारख्याच सहभागाबद्दल तिघांना फाशी झाली. तिघांनी सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळे अर्ज केले आणि ते वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. तिसऱ्याचाही फेटाळला गेला. ऑक्टोबर 1981 मध्ये पहिला फासावर गेला. तिसऱ्याने, म्हणजे हरबन्स सिंगने, ऐन वेळी पुन्हा दार ठोठावलं, तेव्हा कुठे न्यायालयाच्या ध्यानात आलं की यांच्यातल्या एकाची शिक्षा आपणच कमी केली आहे. त्याला वाचवण्याची शिफारस झाली. पहिल्याच्या बाबतीत करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

1993 च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातली गोष्ट जरा वेगळी आहे, पण तीही बोलकी आहे. अबू सालेमला 2005 मध्ये पोर्तुगालने भारताच्या हवाली केलं, ते फाशी देणार नाही अशी हमी घेऊन. तिथे फाशी नाही आणि फाशी होणाऱ्या देशात ते माणूस पाठवत नाहीत. 2017 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने एकाच दिवशी दोन आरोपींना फाशी सुनावली आणि सालेमला जन्मठेप. त्याला वाचवलं ते तो कुठे पळून गेला होता या गोष्टीने.

नाशिकचे सहा जण

5 जून 2003 ची रात्र. नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. दागिने आणि रोकड गेली, बायकांवर अत्याचार झाले, पाच जण मारले गेले. वाचले फक्त आई आणि एक मुलगा. वाचून झोप उडावी असा गुन्हा. पोलिसांवर किती दबाव आला असेल, याची कल्पना करता येते.

सहा जणांना अटक झाली. सगळे भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. एप्रिल 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. या निकालात ‘रावजी’ नावाच्या 1996 च्या एका निकालाचा आधार घेतला होता. शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार पाहायचा नाही, असं त्या जुन्या निकालात म्हटलं होतं, म्हणजे बच्चन सिंगच्या बरोबर उलट. गंमत पाहा (हिला गंमत म्हणायचं तर): त्यानंतर काही दिवसांतच, मे 2009 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं की ‘रावजी’ निकाल चुकीचा होता आणि नंतर अनेकांना त्याच्या आधारावर फाशी दिली गेली आहे. 2012 मध्ये 14 निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा 13 कैद्यांची फाशी रद्द करायची विनंती केली. चुकलेल्या न्यायाने दोघे आधीच फासावर गेले होते, हेही त्यांनी लिहिलं.

नाशिकच्या सहांची पुनर्विचार याचिका 2010 मध्ये फेटाळली गेली. तेव्हा अशा याचिका न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांना न ऐकताच निकाली निघत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम बदलला: फाशीच्या प्रकरणात पुनर्विचाराची सुनावणी खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे व्हायला हवी. त्या नियमामुळे हे प्रकरण पुन्हा उघडलं, आणि कागद नव्याने वाचले गेले, तेव्हा एक गोष्ट समोर आली. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंमधून चार जण ओळखले होते. ते चौघे यांच्यातले नव्हते, वेगळेच होते. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही, त्यांचं पुढे काय झालं हे न्यायालयाला कोणी सांगितलंही नाही. हा कागद पहिल्यापासून पोलिसांच्या दप्तरात होता.

5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही दरम्यान सिद्ध झालं होतं. सोळा वर्षं तुरुंगात, त्यांतली कित्येक फाशीच्या छायेत. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असं न्यायालयाने सांगितलं. 2010 नंतर सरकारी काम जरा चपळाईने झालं असतं, तर 2019 मध्ये सोडायला कोणी उरलं नसतं.

हा एखादा अपवाद म्हणावा, तर 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा खटला आहेच. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब आणि ओळखपरेड, दोन्हींवर विश्वास ठेवता येत नाही, असं कारण दिलं. राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असं तिथे ठरलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं गेलं नाही.

या दोन्ही प्रकरणांत नुकसान फक्त आरोपींचं झालेलं नाही. चुकीचा माणूस फाशीच्या कोठडीत असतो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा असतो, आणि मेलेल्यांच्या घरचे न्याय मिळाला या समजुतीत जगत असतात. फाशीचे समर्थक पीडितांच्या बाजूने बोलतात. मग ढिसाळ तपासाबद्दल सगळ्यात जास्त चीड त्यांना यायला हवी.

फाशीच्या रांगेत कोण उभं असतं, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. त्याच विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालानुसार चारांतले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले होते. मागास जाती-जमाती आणि धार्मिक अल्पसंख्याक मिळूनही तेवढेच. गरीब माणूस जास्त क्रूर असतो म्हणून असं होत नाही. उलटतपासणी नीट घेणारा, आरोपीचं बालपण, आजार, घरची परिस्थिती न्यायाधीशापुढे मांडणारा वकील त्याला सत्र न्यायालयात परवडत नाही. बरेचदा दोषी ठरवल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षेवर ‘सुनावणी’ होते. आरोपी म्हणतो, घरी म्हातारी आई आहे, दया करा. झाली सुनावणी. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीची ही सगळी माहिती खालच्या न्यायालयातच गोळा व्हायला हवी.

जरब बसते का?

‘दोन-चार लटकवले की बाकीचे सुतासारखे सरळ होतील’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्य. तपासून पाहायची संधी इतिहासाने दिली होती. त्रावणकोर संस्थानात 1944 मध्ये फाशी बंद झाली आणि 1950 मध्ये भारतीय कायदा लागू झाल्यावर परत आली. फाशी नसलेल्या 1945 ते 1950 या काळात तिथे 962 खून झाले. फाशी परत आल्यानंतरच्या पाच वर्षांत 967. अमेरिकेत तर यावर अभ्यासांचा डोंगर आहे. 2012 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तो चाळून सांगितलं की, फाशीने खून कमी होतात, वाढतात की काहीच होत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून म्हणता येत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर हे दोन्हीकडून कापतं. जरब बसतच नाही असंही सिद्ध झालेलं नाही. पण माणूस मारायचा परवाना मागताना पुरावा द्यायची जबाबदारी मागणाऱ्याची असते.

गुन्हा करणारा शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा आपण सापडू का, याचा हिशेब करतो. आणि सापडण्याचा हिशेब आपल्याकडे कसा आहे? बलात्काराच्या खटल्यांत दोष सिद्ध होण्याचं प्रमाण देशात बरीच वर्षं तीस टक्क्यांच्या आत घुटमळतं आहे. ते वाढवायचं तर न्यायवैद्यक प्रयोगशाळा, प्रशिक्षित तपास अधिकारी, साक्षीदारांना संरक्षण असं खर्चिक, कंटाळवाणं काम करावं लागतं. कायद्यात ‘मृत्युदंड’ हा शब्द घालायला एक अधिवेशन पुरतं. 2019 मध्ये बालकांवरच्या अत्याचारांच्या कायद्यात तो घातला गेला. 2021 मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात होता, आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाने केलेल्या हत्येलाही आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर ही कडक शिक्षा अंगाशी येऊ शकते. अत्याचार करणारा नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत मुलाच्या ओळखीतला असतो: काका, शेजारी, घरात येणारं-जाणारं माणूस. ‘तक्रार केली तर काकाला फाशी होईल’ हे कळल्यावर घरातल्या बायकांवर गप्प बसण्याचा दबाव वाढतो, कमी होत नाही. आणि अत्याचारालाही मरण, खुनालाही मरण असेल, तर एकुलता एक साक्षीदार जिवंत ठेवण्यात गुन्हेगाराला काय फायदा?

तुरुंगातली वर्षं

पुण्यात 2007 मध्ये कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दोघांची फाशी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली, 2017 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. वॉरंट निघालं 2019 मध्ये. मधली वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. मुंबई उच्च न्यायालयाने हा उशीर अक्षम्य ठरवून फाशी रद्द केली, डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. कोल्हापूरच्या गावित बहिणींचंही तेच: 2006 मध्ये फाशी कायम, 2014 मध्ये दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी 2022 मध्ये सरकारी दिरंगाईमुळे जन्मठेप. 2014 च्या शत्रुघ्न चौहान खटल्यापासून हा कायदा पक्का आहे: दयेच्या अर्जावर विनाकारण लांबण लागली, तर तो छळ ठरतो आणि फाशी जाते.

पीडितांच्या घरच्यांना हे ऐकून संताप येतो, आणि तो रास्त आहे. दहा-पंधरा वर्षं प्रत्येक तारखेला जखम उघडी करायची आणि शेवटी कोणीतरी फाइल दाबून ठेवली म्हणून शिक्षा बदलायची. पण यावर ‘मग अपिलं कमी करा, लवकर लटकवा’ हा उपाय सुचला, तर नाशिकचे सहा जण आठवावेत.

समर्थकांचे दोन मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात. एक दहशतवादाचा. डिसेंबर 1999 मध्ये कंदाहारला नेलेल्या विमानातल्या प्रवाशांसाठी तीन दहशतवादी सोडावे लागले. जिवंत कैदी हा पुढच्या अपहरणाचं निमित्त ठरू शकतो. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने 2015 मध्ये फाशी बंद करा अशी शिफारस केली, तेव्हा दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे दोन अपवाद ठेवले. मला तो अपवाद पटत नाही, कारण तपासावर सगळ्यात जास्त दबाव नेमका याच खटल्यांत असतो, लोकलच्या खटल्यात दिसला तसा. पण मुद्दा पोकळ नाही. डॉ. आंबेडकर मात्र जून 1949 मध्ये संविधान सभेत कुठलाही अपवाद न मागता बोलले होते: अहिंसा मानणाऱ्या देशाने फाशीच रद्द करावी, हे त्यांना जास्त योग्य वाटत होतं.

दुसरा मुद्दा, ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग तो बाहेर.’ हा समज गावागावांत घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगितलं, तेही गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर. चौदा वर्षं ही, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते तिथे, सरकारला सूट द्यायची झाली तर त्याआधी भोगावीच लागणारी किमान मुदत आहे. सूट मिळणं हा हक्क नाही. तरीही राजकारणी ती वाटेल तशी देतील, ही भीती खरीच. म्हणून 2008 पासून एक मधली वाट तयार झाली आणि 2015 मध्ये घटनापीठाने ती कायम केली: उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय सांगू शकतं की हा कैदी 25, 30 वर्षं किंवा मरेपर्यंत सुटणार नाही, सरकारने सूट द्यायची नाही. शक्ती मिलमधल्या तिघांची फाशी रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये त्यांना मरेपर्यंत आत ठेवायला सांगितलं. पुण्याच्या त्या दोघांना 35 वर्षं दिली. यातल्या कोणाच्याही खटल्यात उद्या दप्तरातून जुना कागद निघाला, तर दार उघडता येईल.